अतिचंचल व स्वमग्न मूल : घराने आपले मन कसे सांभाळावे ?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या अंकात विषय निराळा आहे, पण तोही तुमच्या घरचाच आहे. लागणीच्या नोंदीसाठी आम्ही कार्यक्षेत्रात फिरतो तेव्हा ओट्यावर चहा होतो, आणि उसाचे बोलणे संपले की घरचे बोलणे निघते. "सायेब, उसाचं बघू नंतर, ह्या पोराचं काय करावं ते सांगा," असे म्हणणारे सभासद आम्हांस एक नव्हे, अनेक भेटले. पोरगं एका जागी बसत नाही, हाकेला ओ देत नाही, शाळेतून रोज तक्रार येते, आणि एकदा का बिथरलं की आवरता आवरत नाही. मग बाप हात उगारतो, आई रडते, आजी बापावर ओरडते आणि सगळे घर दोन दिवस एकमेकांकडे पाठ करून बसते.

यांपैकी काही मुलांच्या कागदावर डॉक्टरांनी दोन नावे लिहिलेली असतात. एक एडीएचडी, दुसरे ऑटिझम. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, वैद्यकी आमचे काम नव्हे. तथापि जाणकारांकडून आणि अशी मुले वाढवणाऱ्या घरांकडून जे समजले ते सभासदांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेख. त्यात सांगायचे मुख्य एकच आहे : मुलाचा राग आवरण्याआधी घरातल्या मोठ्यांनी आपला राग आवरायला शिकले पाहिजे. बाकी सर्व उपाय त्याच्या मागून येतात.

ही दोन नावे काय आहेत ?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा आणि मनात आले की मागचापुढचा विचार न करता करून टाकणे. तुम्ही म्हणाल, पोरे अशीच असतात. खरे आहे. म्हणूनच डॉक्टर काही कसोट्या लावतात. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावीत, निदान ६ महिने टिकलेली असावीत, घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसावीत आणि त्यामुळे मुलाचे रोजचे चालणे अडलेले असावे. काही मुले, विशेषतः मुली, धावपळ मुळीच करीत नाहीत. वर्गात गप्प बसून भलत्याच विचारात असतात. अशांकडे कोणाचे लक्षच जात नाही.

हे मोबाईल आल्यापासूनचे खूळ आहे असेही कोणी समजू नये. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. या मुलांना दुसऱ्याशी बोलणे, नजर देणे, खाणाखुणा समजणे जड जाते. ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणेच व्हावी लागते. एखाद्याच वस्तूचा नाद असतो. आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श, यांतले काही त्यांना सोसवत नाही. कोणी अजिबात बोलत नाही, तर कोणाला गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरांचे नंबर पाठ असतात. स्वमग्न या शब्दावरून मूल आपल्यातच खूष आहे असे वाटते, पण पुष्कळदा त्याला माणसे हवी असतात. माणसांपर्यंत जायची वाट मात्र सापडत नाही.

ही दोन्ही एकाच मुलात असणे सामान्य आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या ज्या नियमावलीवर पुष्कळ डॉक्टर चालतात, तिच्यात २०१३ पर्यंत एकाच मुलाला ही दोन्ही नावे देण्यास मुभा नव्हती. त्यामुळे जुन्या कागदावर एकच नाव असू शकते. अशांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. या सरासरीने दोन हजार वस्तीच्या गावात पंधराएक माणसे झाली. ती आपल्यातच आहेत, फक्त आपण त्यांना "येडं", "आगाऊ", "हट्टी" अशी नावे देऊन मोकळे झालो आहोत.

दोष कोणाचा ?

कोणाचाही नाही. हे ठळक सांगावे लागते, कारण पोर असे निघाले की पहिले बोट सुनेकडे जाते. परदेशातही तेच झाले. १९५० आणि ६० च्या दशकांत आईची माया थंड असल्यामुळे मूल असे होते, असे नामांकित डॉक्टर सांगत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हे मत खोडून काढले आणि कारण मेंदूच्या घडणीत आहे हे मांडले. पुढील संशोधनाने तेच खरे ठरवले.

या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. "ह्याचा बापबी असाच व्हता" असे आजी म्हणते, त्यात पुष्कळदा तथ्य असते. लसीमुळे स्वमग्नता येते ही अफवाच. १९९८ साली इंग्लंडमध्ये ज्या लेखावरून ती उठली, तो लेख मासिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा पोरांच्या लसी चुकवू नका.

को ८६०३२ चांगला म्हणून तो चोपण जमिनीत लावला तर फुले २६५ सारखा टिकणार नाही. तो रोगट झाला असे आपण म्हणत नाही, वाणाची गरज ओळखतो. मुलाच्या बाबतीत एवढाच शहाणपणा हवा. अंगारे-धुपारे आणि भगताकडे नेऊन मारझोड करणे हा तर अन्याय आहेच, शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे वा मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

हट्ट वेगळा, भडका वेगळा

हट्टाला हेतू असतो. खाऊ मिळाला की हट्ट थांबतो, आणि हट्ट करणारे पोर मधूनच आपल्याकडे कोणी बघते का हेही पाहून घेते. भडक्याचे तसे नसते. आवाज, गर्दी, ठरलेल्यात झालेला बदल, भूक, अपुरी झोप असे एकावर एक साठत जाते आणि मग बांध फुटतो. तेव्हा खाऊ देऊन तो थांबत नाही की मार देऊन थांबत नाही. एडीएचडीमुळे मनाचा ब्रेक आधीच सैल असतो, त्यामुळे ठिणगी आणि भडका यांत अंतर राहत नाही.

आमच्या एका गटातील सभासदांच्या घरचे उदाहरण त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. मुलगा ११ वर्षांचा, दोन्ही नावे लागलेली. गेल्या हंगामात शेजारच्या फडाला तोड आली. दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर बांधावर फसला, त्यावर टेप मोठ्याने चालू, मागच्या गाड्यांचे हॉर्न चालू. मुलाने कानांवर हात घेतले आणि तोंडाने एकसारखा हुंकार सुरू केला. वडील म्हणाले, "गाणं तर हाय, त्याला काय घाबरतोस," आणि त्यांनी त्याचे हात ओढून खाली केले. पोराने हाताला कडकडून चावा घेतला आणि ते उभ्या उसात घुसले.

दहा-बारा फुटी ऊस. आत गेलेले पोर दोन सऱ्यांवरून दिसत नाही. वडील, चुलते, तोडकरी, सगळे चारी बाजूंनी हाका मारू लागले. बाप रागाने, "बाहेर ये, मग दावतो तुला," असे ओरडत होता. आवाज वाढला तसा पाल्याचा खळखळाट आत आत जाऊ लागला. पलीकडे विहीर. अखेर आजीने सगळ्यांना मागे घेतले. ट्रॅक्टरवाल्याला टेप आणि इंजिन बंद करायला लावले. मुलाला मोटारीचे पाणी हौदात पडताना बघत बसायचा रोजचा नाद. दिवसाची वीज होती, आजीने मोटार चालू केली आणि एकटीच हौदाच्या कडेला बसून राहिली. पाऊण तासाने मुलगा आपण होऊन बाहेर आला. तोंड, हात पाल्याने चरचर कापलेले. तो पाण्यात हात घालून बसला. वडील काही बोलणार तोच आजीने बोट ओठांवर ठेवले. त्या दिवशी त्याला कोणी काही विचारले नाही.

त्याचे वडील पुढे आम्हांस म्हणाले, "मी मारायचो तवा ते गप व्हायचं. मला वाटायचं, सुधारतंय. ते भ्यायचं, दुसरं काय न्हाई."

आधी मोठ्यांचे मन

ओढ्याला पूर आला असता कोणी बांध घालायला जात नाही, पाणी ओसरू देतो. भडक्याच्या वेळी उपदेश, प्रश्न, धमकी सगळे वाया जाते, कारण मूल ऐकण्याच्या अवस्थेतच नसते. त्या वेळी करायचे ते इतकेच : आवाज बंद करा, माणसे दूर करा, लागेल-खुपेल असे काही जवळ असेल तर हलवा, एक माणूस शांतपणे जवळपास थांबा. बोलायचे झाले तर एकच वाक्य, हळू : "मी इथं आहे." शांत झाल्यावर पाणी द्या, निजू द्या. काय झाले ते दुसऱ्या दिवशी बोला.

हे लिहायला सोपे आहे. रात्री पाळीची वीज म्हणून पहाटेपर्यंत पाणी पाजून आलेला बाप सकाळी आठ वाजता शांत कसा राहील ? तोड मिळत नाही, ऊस वाळतोय, सोसायटीचे हप्ते आहेत, आणि त्यात पोराने ताट भिरकावले. म्हणून हे आधी ठरवून ठेवावे लागते. ज्या रात्री पाणी पाजायचे, त्या सकाळी मुलाला बापाने हात लावू नये, ते काम आईने वा आजोबांनी घ्यावे. प्रत्येकाने आपली खूण ओळखावी : कोणाचे कान तापतात, कोणाचा आवाज चढतो. खूण दिसली की "तू बघ" एवढे म्हणून गोठ्याकडे चालू लागावे. दुसऱ्याने "का ?" विचारू नये. घरात शिस्त कशी लावायची यावर मतभेद असतील तर ते मूल झोपल्यावर बोलावेत. एक मारणार, दुसरा लाडावणार, तिसरा दोघांना बोलणार, असे झाले तर मुलाला कोणत्या वाटेने चालायचे तेच कळत नाही. आणि राग आवरला नाहीच, तर नंतर "माझं चुकलं" असे पोराला म्हणण्यात बापाला कमीपणा नाही. राग आल्यावर काय करायचे हे ते तुमच्याकडे बघूनच शिकत असते.

रोजचे काही उपाय

१) दिवस आधी सांगा. आंघोळ, शाळा, जेवण, गोठा, झोप यांची चित्रे ओळीने भिंतीवर लावा. पाहुणे, लग्न, जत्रा असेल तर आदल्या दिवशी सांगा. ढोल-ताशा, डीजे असेल तर कान झाकायची सोय आणि लवकर परतण्याची तयारी ठेवा.

२) एका वेळी एकच काम, जवळ जाऊन, थोडक्यात सांगा. "दप्तर आवर, हात धू, जेवायला ये" यातले शेवटचेच त्याला ऐकू जाते.

३) अभ्यासाला दहा-पंधरा मिनिटे बसवा, मग उठू द्या. वैरण टाकणे, बादली उचलणे अशी अंगमेहनत मध्ये दिली तर पुढचे बसणे सोपे जाते.

४) चांगले केले की तिथल्या तिथे आणि नेमके बोला : "आज तू न सांगता चपला जागेवर ठेवल्यास." महिनाअखेरच्या बक्षिसाचा या मुलांना उपयोग नाही.

५) घरात एक शांत कोपरा ठेवा. तो शिक्षेचा नसावा. मुलाला वाटेल तेव्हा तिथे जाता यावे.

६) शांत असताना भावनांना नावे द्या. राग, भीती, थकवा यांची चित्रे करा. न बोलणाऱ्या मुलाला चित्रावर बोट ठेवता आले तरी निम्मे भांडण मिटते.

७) नोंदवही ठेवा. आपण लागणीची तारीख, खताचे हप्ते लिहितो, तसे भडक्याच्या आधी काय झाले, किती वेळ चालला, कशाने निवळला, ते दोन आठवडे लिहा. कारण सापडते : कधी भूक, कधी नवा गणवेश टोचतो. न बोलणारे मूल अचानक बिथरू लागले तर दात, कान, पोट दुखत नाही ना, हे प्रथम पाहा.

घरातील इतर माणसे

अशा घरात धाकटी बहीण वा भाऊ पुष्कळदा शहाणे होऊन गप्प बसतात. सगळ्यांचे लक्ष एकाकडे, आणि समजूतदारपणाचे ओझे दुसऱ्यावर. त्याला रोज पंधरा मिनिटे तरी स्वतःची आई किंवा बाप मिळाला पाहिजे. "तू तरी नीट वाग" हे वाक्य त्याला सारखे ऐकवू नका.

आईचे निराळे सांगायला नको. ती लग्नाला जात नाही, माहेरी जात नाही, कारण पोर तिथे काय करील याची धास्ती. आठवड्यातून एक दुपार मुलाला सांभाळून तिला मोकळे करणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे. फार खचल्यासारखे वाटले तर शासनाचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येते. तो पुरुषांसाठीही आहे.

मळ्यातील धोके

या मुलांना धोक्याची जाणीव उशिरा होते. काहींना न सांगता निघून जाण्याची सवय असते आणि पाण्याची ओढ तर फारच. विहिरीला कठडा व जाळी, शेततळ्याला कुंपण, स्टार्टरच्या पेटीला कुलूप, कीटकनाशके उंच व बंद जागी, हे पुढे ढकलू नका. मुलाला पोहायला शिकवा. हरवलेच तर पहिला माणूस विहिरीकडे व तळ्याकडे धाडा आणि बाकीच्यांना गप्प बसवा.

वाहतूकदार सभासदांना व चालकांना येथेच विनंती : वस्तीजवळून जाताना टेपचा आवाज कमी करावा. ज्या घरी असे मूल आहे त्यांनी आपल्या गटाच्या चिटबॉयला सांगून ठेवले, तर तोड येण्याआधी त्या घराला निरोप देण्याची व्यवस्था आम्ही करू.

कोठे जावे ?

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यास बघत नसेल, दीड वर्षाचे बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले बोलणे गेले असेल, तर "बोलंल उशिरा" म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत तपासणी करतात. त्यांना आपण होऊन सांगा. पुढील तपासणी व उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होतात.

स्वमग्नता समूळ घालवणारे औषध नाही. तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावे. वाचा, वागणूक आणि हातांच्या कामाचे शिक्षण जितके लवकर सुरू होईल तितके बरे. एडीएचडीसाठी मात्र उपयोगी औषधे आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावीत, मनाने सुरू वा बंद करू नयेत. ६ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आधी पालकांना प्रशिक्षण देण्यावर भर असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत व त्यांत स्वमग्नता आहे. १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांत ती नव्हती. एडीएचडी स्वतंत्रपणे यादीत नाही. तपासणीत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांवर शाळेत, परीक्षेत व योजनांत सवलती मिळतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे.

आपल्या मागे काय ?

सगळे बोलून झाल्यावर बापाच्या तोंडून शेवटचा प्रश्न हाच येतो : "आमी गेल्यावर ह्याचं कोण ?" या प्रश्नावर गप्प बसून चालणार नाही. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आईबापांचे पालकत्व संपते. ज्या स्वमग्न व्यक्तीला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत, तिच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालक नेमून घेता येतो. जमिनीचे, विहिरीच्या पाण्याच्या वाट्याचे काय करायचे ते भावाभावांनी एकत्र बसून, वकिलाच्या सल्ल्याने, कागदावर आणावे. कारखान्याच्या भागासाठी नामनिर्देशन केले नसेल तर ते करावे.

आणि मुलाला कामाची गोडी आतापासून लावावी. वर ज्या मुलाचे उदाहरण दिले, तो आता ठिबकच्या नळ्या तपासतो. कोणते छिद्र बंद आहे ते त्याला कोणी दाखवावे लागत नाही. एकेका सरीतून जातो, थांबतो, बोटाने दाखवतो. वडील त्याच्या मागून चालतात आणि घाई करीत नाहीत.

ज्यांना याविषयी अधिक बोलायचे असेल त्यांनी गट कार्यालयात किंवा शेतकी विभागात आम्हांस खुशाल भेटावे. जिल्ह्याच्या केंद्रात कोणत्या दिवशी यायचे, कोणते कागद लागतात, ते विचारून देण्याचे काम आम्ही करू. बोलणे आपल्यातच राहील.